कृष्णधवल निगेटिव्ह : ऱ्हास आणि पुनःप्राप्ती

पालि ग्रंथांच्या संपादनात मूळ प्रतीचे जे स्थान, तेच छायाचित्रणात निगेटिव्हचे होय. छापील छायाचित्र ही तिची नक्कल असते. नकलेत गळालेला तपशील निगेटिव्हमध्ये पुष्कळदा शाबूत राहतो. 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची धम्मदीक्षा आणि 7 डिसेंबर 1956 ची मुंबईतील अंत्ययात्रा यांचे दर्शन आजच्या पिढीस कृष्णधवल फिल्ममुळेच घडते. अंत्ययात्रेचे चलच्चित्रण नामदेव व्हटकर यांनी केले, हे सर्वज्ञात आहे. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील घरांत ज्या निगेटिव्ह पडून असतील, त्यांचे काय?

फिल्मचे दोन मुख्य थर असतात : खालची पारदर्शक पट्टी आणि तीवरील जिलेटिन. चित्र जिलेटिनातील चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. त्या काळातील पट्टी बहुधा ॲसिटेटची. उष्णता व खाडीकाठची दमट हवा यांमुळे ती विघटित होऊन ॲसेटिक आम्ल सुटते. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तेच आम्ल पुढील विघटनाची गती वाढविते. पट्टी आकसते, जिलेटिनास सुरकुत्या पडतात. चांदीचे चित्र मात्र अनेकदा टिकून असते. म्हणून तज्ज्ञ रसायनांच्या साहाय्याने जिलेटिनचा थर पट्टीपासून सोडवून, सपाट करून त्याची प्रत घेतात. हा प्रयोग घरी करू नये.

घरी करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. आंबूस वासाच्या निगेटिव्ह इतरांपासून वेगळ्या ठेवाव्यात. पीव्हीसीच्या पिशव्या टाळून आम्लविरहित कागदी पाकिटे वापरावीत. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नये. बुरशीने जिलेटिन विरघळण्याजोगे झालेले असते. याउलट, 2005 च्या जुलैसारख्या पुरात भिजलेल्या निगेटिव्ह एकमेकींस चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून विनाविलंब तज्ज्ञाकडे न्याव्यात. स्कॅन करताना धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवावी; चांदी ते किरण अडविते व चित्र बिघडते. स्कॅन झाले तरी मूळ निगेटिव्ह टाकू नये.

हा ऱ्हास प्रतीत्यसमुत्पन्न आहे. कारणे क्षीण केली की तो मंदावतो. तथापि चित्र परत मिळाले तरी त्यातील माणसे कोण, हे कोणतेही रसायन सांगत नाही. ते चेहरे ओळखणारे वडीलधारे आहेत तोवर नावे, गाव व वर्ष पाकिटावर पेन्सिलीने लिहून घ्यावे, आणि हे काम प्रथम करावे, असे आम्हांस वाटते.