मोबाईलवर जुळलेली ओळख : आधी पारख, मग विश्वास

रविवारची वंदना आटोपली की आम्ही विहारात बसून कुणाच्या जातीच्या दाखल्याचा, कुणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देतो. मागे एका रविवारी सगळे निघून गेल्यावर एक मुलगी मागे थांबली. कपड्याच्या दुकानात काम करणारी, घरात कमावती तीच. पिशवीतून बँकेचे पासबुक काढून ती म्हणाली, "काका, घरी सांगू नका."

लग्ने जुळवणाऱ्या एका ॲपवर तिची एका मुलाशी ओळख झाली होती. मुलगा बौद्ध, परदेशात इंजिनीअर, हुंडा नको म्हणणारा, रोज सकाळी न चुकता "जय भीम" पाठवणारा. दोन महिन्यांनी त्याने भेटवस्तूंचे पार्सल पाठवल्याचे कळवले. मग एका बाईचा फोन आला : पार्सल दिल्लीच्या विमानतळावर कस्टममध्ये अडकले आहे, दंड भरा. पोरीने तीन वेळा मिळून ४२ हजार रुपये भरले. त्यानंतर त्या मुलाचा फोन बंद.

आम्ही जरा रागानेच विचारले, "त्याच दिवशी का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "बोलले असते तर मोबाईल काढून घेतला असता, नोकरीही सोडायला लावली असती." पाच आठवडे उलटले होते. तक्रार नोंदवली, पण रक्कम केव्हाच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली होती. पुढे आम्हालाच वाटत राहिले : त्या ठगाचे खरे भांडवल मुलीचा भोळेपणा नव्हे, घरातली भीती होती.

पूर्वी स्थळ यायचे ते मामा-आत्याच्या ओळखीने किंवा वधू-वर मेळाव्यातून. मुलाचे गाव, घर, नोकरी कुणीतरी पाहिलेली असे. आता ओळख मोबाईलवर होते. त्यात वाईट काही नाही. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले होते, की लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची दासी नव्हे, तर बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे. मग जोडीदार निवडण्याचा हक्क मुलामुलींना हवाच. पण पूर्वी नातेवाईक करायचे ती चौकशीही आता त्यांनाच करावी लागेल. तथागतांनी कालामांना सांगितले तेही हेच : कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. "जय भीम" लिहिणारा प्रत्येक जण आपला बांधव असतोच असे नाही.

पारखायचे कसे? व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बोला. दर वेळी सबब सांगणारा माणूस संशयास्पद समजा. गाव, तालुका, नोकरीचे ठिकाण विचारा आणि त्या भागातल्या कार्यकर्त्यांकडून खात्री करा. आपल्या घराचा पत्ता, आधार कार्ड, ओटीपी देऊ नका. न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका. कस्टम खाते फोन करून कुणा खासगी माणसाच्या खात्यात पैसे भरायला सांगत नाही.

पहिली भेट दिवसाढवळ्या, गर्दीच्या ठिकाणी ठेवा. कुठे, कुणाला भेटतो आणि परत कधी येणार हे बहिणीला किंवा मैत्रिणीला सांगून जा. जाणे-येणे आपल्या तिकिटाने करा. पहिल्याच भेटीत खोलीवर, लॉजवर किंवा त्याच्या गाडीतून जाऊ नका. "जात मानत नाही" म्हणणाऱ्याला आपली जात सुरुवातीलाच सांगा. ती ऐकून मागे हटणारा लवकर हटलेलाच बरा.

मुलांनीही सावध राहावे. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, नको ते चित्रण होते आणि नातेवाइकांना पाठवू म्हणून धमक्या सुरू होतात. अशा वेळी पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. संदेश पुसू नका, तोच पुरावा असतो.

पैसे गेले तर त्याच तासाला १९३० क्रमांकावर फोन करा. लवकर कळवले तर रक्कम मधल्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. मोबाईल-संगणकाच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली गुन्हा असून ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळायचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन किंवा आपली ओळख लपवून लग्न करून स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "हा गुन्हा आमच्या हद्दीत नाही" म्हणून कोणतेही पोलीस ठाणे तक्रार नाकारू शकत नाही. तक्रार द्यायला एकटे जाऊ नका, वस्तीतला कार्यकर्ता बरोबर घ्या.

आईबापांनो, शेवटचे सांगणे तुम्हाला. खोटे न बोलणे आणि न दिलेले न घेणे, ही दोन्ही शीले मोडली त्या ठगाने, तुमच्या लेकीने नव्हे. मग शिक्षा तिला का? मोबाईल हिसकावून घेतलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काहीच सांगणार नाही. आजच जेवायला बसल्यावर मुलांना एवढे सांगा : "काही झाले तरी आधी घरी सांग, आम्ही रागावणार नाही." आणि मग खरोखरच रागावू नका.

त्या मुलीच्या आईला अखेर तिनेच सांगितले. आम्ही सोबत होतो. माय रडली, पण मोबाईल तिच्याकडेच राहिला आणि नोकरीही. ४२ हजारांपैकी काही परत आले नाही. लेक मात्र आता घरी सगळे सांगते.

जय भीम!