पिस्तुलाचा जोडा
(चामडं हाती घेताना : भाग सहावा)

या वेळचं काम भाच्यानं गळ्यात घातलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याला काउबॉय व्हायचं होतं. टोपी मिळाली, बूट मिळाले. कमरेचा पट्टा आणि त्यावर लोंबणारं पिस्तुलाचं घर मात्र भाड्यानं देणारं बुऱ्हाणपुरात कोणी सापडेना. "मामा, तू चामड्याचं करतोस ना?" एवढ्यावर विषय संपला. मागच्या दोन भागांत चष्म्याचं घर आणि किल्ल्यांची पिशवी शिवून माझीही भीड चेपली होती.

होल्स्टरला मराठीत शब्द नाही. तलवारीला म्यान आहे, काडतुसं ठेवायला तोसदान आहे. पिस्तूल ज्यात ठेवतात त्याला मात्र आपण कव्हर म्हणतो, नाहीतर पाकीट. मीही पाकीट समजूनच कामाला लागलो आणि फसलो. सुताराकडून लाकडाचं पिस्तूल करून घेतलं होतं. ते पुठ्ठ्यावर आडवं ठेवलं, कडेनं पेन्सिल फिरवली, बोटभर जागा सोडून दोन सारखे तुकडे कापले आणि रात्रभर बसून शिवले. सकाळी पिस्तूल आत घातलं तर नळी गेली आणि सिलिंडरपाशी गाडी अडली. (लाकडाचं अशासाठी की खेळण्यातली पिस्तुलं मापाला खोटी असतात. शिवाय आपल्या जिल्ह्यातलं, खकनारकडचं पाचोरी गाव गावठी पिस्तुलांपायी वारंवार पेपरात येतं. इथे हा विषय लाकडात राहिलेलाच बरा, आणि झालेली वस्तू कमरेला बांधून रस्त्यात मिरवू नये.)

शनवाऱ्याकडे बसणाऱ्या एका जोडेवाल्या काकांना ते ध्यान दाखवलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, हसले नाहीत. "भाऊ, याचं कलबूत कुठंय?" लाकडी पिस्तूल पुढे केलं. "मग याच्यावर का नाही चढवलं? पाय काय कागदावर मोजतात का?"

सगळं मर्म त्या प्रश्नात होतं. होल्स्टर हा पिस्तुलाचा जोडा आहे. तो कलबुतावर, म्हणजे लाकडी साच्यावर, ओढून, भिजवून, वळवून बसवायचा असतो.

आता थोडं मूळ घराण्याकडे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांचं पिस्तूल आधी दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरण्याचं होतं, त्यामुळे पट्ट्यावर काडतुसांची सोय करायचं कारण नव्हतं. पट्टा अरुंद असायचा. १८६९ साली मागून काडतूस भरायच्या सिलिंडरचं रोलिन व्हाइटचं पेटंट संपलं, १८७३ साली कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी हे पिस्तूल आलं, पितळी काडतूस रुळलं. काडतुसं कमरेला ओवायची म्हणून पट्टा रुंद झाला आणि जुन्या होल्स्टरच्या पाठीवरच्या चिंचोळ्या पट्टीतून तो जाईना. मग मेक्सिकन लूप नावाचा प्रकार चालला: एकच मोठा तुकडा, त्याचा वरचा भाग मागे दुमडून खाली सोडायचा, त्या पदराला दोन आडव्या चिरा द्यायच्या आणि पिस्तुलाचा खिसा त्या चिरांतून ओवून घ्यायचा. पट्टा दुमडीच्या आतून जातो. नवशिक्यानं हाच करावा असं माझं ठाम मत आहे, कारण याला एकच लांब शिवण लागते, बाकी सगळं ओवण्यावर धरून राहतं. सिनेमातला मांडीपर्यंत उतरलेला, पायाला दोरीनं बांधलेला प्रकार बराचसा हॉलिवूडनं रुजवलेला आहे. तो दिसतो झकास, पण दिवसभर खोगिरावर बसणाऱ्याला काय कामाचा?

चामडं निवडताना मात्र घाई करू नका, कारण अर्धं काम तिथेच बिघडतं. जॅकेट आणि पर्सचं म्हणून जे मिळतं ते बहुतेक क्रोमवर कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पण भिजवून दाबलं तरी सुकल्यावर मूळपदावर येतं. आकार धरत नाही. आपल्याला हवं ते सालीवर, म्हणजे बाभूळ, हिरडा अशा तुरट द्रव्यांवर कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. घोड्याच्या साजासाठी नावाजलेल्या कानपूरचं सामान मिळालं तर उत्तम; दुकानदाराला "साजाचं चामडं" असं सांगा. जाडी तीन ते साडेतीन मिलिमीटर. पारख सोपी आहे. कापलेली कड बघा: मधोमध निळसर-राखी झाक दिसली तर क्रोम. शंका उरलीच तर हिराकस पाण्यात विरघळवून एक थेंब कोपऱ्यावर टाका. सालीचं चामडं बघता बघता काळं पडतं. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते, तीच ही क्रिया. होल्स्टर काळं हवं असेल तर रंगही यातच आला. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून घ्यायचं.

आता बेतणी. खाकी पुठ्ठा पिस्तुलाभोवती गुंडाळा आणि कड दाबून खूण करा. शिवणीची रेघ पिस्तुलाच्या बाह्यरेषेपासून किती दूर? त्या जागच्या पिस्तुलाची निम्मी जाडी, अधिक चामड्याची जाडी. सिलिंडर साधारण बेचाळीस मिलिमीटर जाड, चामडं साडेतीन. म्हणजे तिथे रेघ जवळपास पंचवीस मिलिमीटरवर येते. मी जे बोटभर सोडलं होतं त्यात शिवणीची कडही धरली होती! नळीपाशी ही रेघ आत येते, म्हणून शिवण सरळ न जाता हलकी वळते.

दोन थरांच्या मध्ये चामड्याचीच एक अरुंद पट्टी घाला, शिंपी मगजी देतो तशी. त्यामुळे पिस्तूल आत-बाहेर होताना दोऱ्याला घासत नाही. भोकं आधी पाडून घ्यायची. अंतर सारखं यावं म्हणून स्वयंपाकघरातला काटा दाबून खुणा केल्या तरी चालतं. इंचाला सहा पुरेत. काकांची आकड्याची आरी दोरा खालून ओढून वरच्या दोऱ्यात अडकवते, त्यांच्या हातात ती विजेसारखी चालते. आपण मात्र एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावाव्यात आणि दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर न्याव्यात. वेळ तिप्पट लागतो, पण एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या. कमी पडला तर मधेच गाठ येते आणि ती जन्मभर दिसते.

मग भिजवणं. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, बाहेर काढा, आणि वरचा रंग पुन्हा उजळ होईस्तोवर थांबा. आत ओल, वर कोरडं, ही घटका महत्त्वाची. लाकडी पिस्तुलाला प्लास्टिक गुंडाळून आत सारा आणि बोटांनी, गुळगुळीत चमच्याच्या पाठीनं दाबत सिलिंडरचा फुगवटा उठवा. सावलीत दीड-दोन दिवस. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवाल तर ते पापडासारखं कडक होऊन तडकेल. मी एक तसं घालवलं आहे. शेवटी कडा पॉलिशपेपरनं घासून, ओल्या करून जाड कापडानं रगडायच्या आणि एरंडेलाचं अगदी पुसट बोट फिरवायचं. जास्त तेल लागलं की जोडा पुन्हा मोजा होतो.

पट्ट्याचं पुढच्या भागात सविस्तर. एक गोष्ट आताच सांगतो, कारण ती आपल्या गावाला जवळची आहे. चामड्याच्या लूपमध्ये राहिलेली पितळी काडतुसं तुरट द्रव्यानं हिरवी पडत. त्याला कंटाळून अँसन मिल्स या अमेरिकी सैन्याधिकाऱ्यानं विणलेल्या सुती लूपचा पट्टा काढला आणि त्यांच्या सैन्यानं तो घेतला. म्हणजे चामड्याची अडचण शेवटी मागानं सोडवली. पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेल्या बुऱ्हाणपूरकराला हे ऐकून बरं वाटेल. त्याच काळातला आणखी एक पट्टा दुहेरी दुमडीचा, आतून पोकळ, नाणी ठेवायचा. आपला व्यापारी कमरेला पैशांचा 'कसा' बांधायचा, त्याचाच हा चामडी भाऊ. आपण तोच करणार आहोत.

त्यासाठी तीन इंच रुंद कमरपट्टा दुमडून होईल एवढी, म्हणजे सहा इंच रुंदीची सलग पट्टी लागेल. लांबी कमरेच्या मापापेक्षा दहा इंच जास्त धरा. चामडं आणायला जाल तेव्हा हिराकसचं पाणी छोट्या बाटलीत सोबत न्या आणि थेंब टाकण्याआधी दुकानदाराला विचारा.