वॉक-इन वॉर्डरोबची रचना: दमट हवेतील कपड्यांची खोली (तंजावरचे उदाहरण)

घराच्या आराखड्यात 'वॉक-इन वॉर्डरोब' असे लिहिलेला एक छोटा चौकोन आता बऱ्याच वेळा दिसतो. पूर्वी कपाट खोलीत असे. इथे खोलीच कपाट होते, आपण आत जाऊन कपडे निवडतो. वर्गात हा आराखडा करायला दिला की बहुतेक मुले आधी आरसा आणि दिवे कुठे लावायचे ते ठरवतात. ते शेवटी ठरवले तरी चालते. या पाठात आपण तंजावरमधील एका घरासाठी अशी खोली आखू आणि आधी हवेतील पाण्याचा विचार करू. बांधकाम, यंत्र किंवा अंतर्गत रचना, कोणत्याही शाखेचे असलात तरी इथली आकडेमोड तुम्हाला जमेल. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राइतकीच ती आहे.

तंजावरच का? हे शहर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातशेतीच्या मध्यावर वसलेले आहे. महाराष्ट्रातला पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो. इथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर असा पडतो. म्हणजे दिवाळीला आणि त्यानंतरच्या लग्नांना साड्या बाहेर निघतात, नेमका तेव्हाच दमटपणा सर्वाधिक असतो. शिवाय याच जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ, तिरुभुवनम हे रेशीम विणणारे गाव आहे. तिथल्या साडीची घडी पंख्यासारखी घालतात. तमिळमध्ये तिला 'विसिरी मडिप्पू' म्हणतात. इथल्या घरातल्या कपड्यांच्या खोलीत शर्ट-पँट असतीलच, पण राखायची असते ती आईची, आजीची जरीची साडी. शर्टला बुरशी लागली तर धुता येतो. जरीच्या साडीवर एकदा डाग पडला की तो बहुधा कायमचा राहतो.

मापे

मापांत फार काही गहन नाही, म्हणून लवकर उरकू. हँगरला टांगलेल्या कपड्याला भिंतीपासून ६० सेमी खोली लागते. माणसाला उभे राहून, वाकून कपडे काढायला ९० सेमी वाट हवी. दोन्ही बाजूंना टांगणी ठेवली तर ६० + ९० + ६० = २१० सेमी, म्हणजे २.१ मीटर रुंदी झाली. त्याहून अरुंद खोली असेल तर एका बाजूला टांगणी आणि समोर ४५ सेमीचे फळ्यांचे कप्पे ठेवा. लांब कुर्ते, अनारकली यांना सुमारे १.५ मीटर उंची लागते. घडी घालून टांगलेली साडी हँगरखाली सुमारे ७० सेमी येते, म्हणून साड्यांसाठी दोन दांड्या एकाखाली एक बसतात. पण जड जरीची साडी वर्षानुवर्षे टांगून ठेवू नये, कारण तिचे वजन एकाच घडीच्या रेषेवर येते आणि रेशीम तिथे विरते. ती आडवी, सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि काही महिन्यांनी घडी बदलावी.

आपली खोली २.१ मीटर × २.४ मीटर आणि उंची २.७ मीटर धरू. आकारमान सुमारे १३.६ घनमीटर झाले.

हवेत किती पाणी आहे?

नोव्हेंबरमधली एक पावसाळी सकाळ घ्या: तापमान २७ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. २७ अंशाला संपृक्त बाष्पदाब ३.५७ किलोपास्कल असतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ३.०३ किलोपास्कल. हा आकडा लिहून ठेवा, पुढचे सारे गणित यावरच आहे. कोणत्या तापमानाला ३.०३ हाच संपृक्त दाब होतो ते तक्त्यात पाहा: सुमारे २४.३ अंश. हा झाला दवबिंदू. या हवेतली कोणतीही वस्तू २४.३ अंशांखाली गेली की तिच्यावर पाणी धरणार.

पण बुरशी पाणी दिसायची वाट पाहत नाही. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पुरेसे असते, असे रचनेत धरतात. कपड्यांसाठी मी ६५ टक्के हे लक्ष्य ठेवायला सांगतो. म्हणजे आपली खोली काहीच न करता, नुसती दार बंद करून ठेवली तरी ८५ टक्क्यांवर आहे, नापासच.

आता गंमत पाहा. शेजारच्या झोपायच्या खोलीत एसी आहे आणि तो २२ अंशांवर लावला आहे. मधली भिंत साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंना गिलावा. तिचा औष्णिक रोध मांडू: दोन्ही पृष्ठभागांचा प्रत्येकी ०.१२, विटांचा ०.१४ आणि गिलाव्याचा ०.०४ (एकक: चौमी-केल्विन प्रति वॅट). बेरीज सुमारे ०.४२. वॉर्डरोबच्या बाजूच्या भिंतीचे तापमान २७ − ५ × (०.१२ ÷ ०.४२) = सुमारे २५.६ अंश. तिथे संपृक्त दाब ३.२८, म्हणून भिंतीलगत आर्द्रता ३.०३ ÷ ३.२८ = ९२ टक्के. वाईट आहे, पण अजून पाणी धरलेले नाही.

आता या भिंतीला टेकवून साड्यांची चळत लावा. कापड आणि त्यात अडकलेली हवा हे उत्तम रोधक, त्यांचा रोध ०.५ धरू. वॉर्डरोबची उबदार हवा आता भिंतीपर्यंत पोहोचत नाही, एसीची थंडी मात्र मागून पोहोचते. भिंतीचे तापमान होते २७ − ५ × (०.६२ ÷ ०.९२) = सुमारे २३.६ अंश. दवबिंदू होता २४.३. बाष्प मात्र कापडातून सावकाश का होईना, झिरपतेच. म्हणजे चळतीच्या मागे, जिथे कुणी पाहत नाही तिथे, पाणी धरते. समोरून साडी कोरडी दिसते आणि मागची घडी काळवंडते.

काहीजण म्हणतील, भिंतीला थर्माकोल लावू. २५ मिमीचा चांगला फोम झोपायच्या खोलीच्या बाजूने लावला तर रोध ०.७५ ने वाढतो. चळत टेकलेलीच ठेवली तर भिंत २५.१ अंशांवर येते आणि आर्द्रता तरीही ९५ टक्क्यांच्या आसपास राहते. उलट फोमशिवाय नुसते ५ सेमी अंतर सोडले, हवा खालून वर फिरू दिली, तर पुन्हा ९२ वर येतो. फोम आणि अंतर दोन्ही केले तर सुमारे ८७. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी अंतर, मग फोम. कपाटाची मागची फळी भिंतीला कधीच चिकटवू नका, खाली-वर हवेला फट ठेवा. सुताराला हे पटवणे फोम विकत घेण्यापेक्षा कठीण जाते, कारण त्याला ५ सेमी वाया गेल्यासारखे वाटते.

कोरडी कशी करायची?

पण ८७ म्हणजे अजून नापासच. खोलीतली हवाच ८५ टक्क्यांची असताना भिंतीचे काही केले तरी त्याच्या खाली जाता येणार नाही. हवा कोरडी करणे किंवा थोडी तापवणे, हे दोनच मार्ग आहेत. खिडकी उघडून काही होत नाही, कारण बाहेरही तोच ३.०३ किलोपास्कल आहे.

तापवण्याचा मार्ग आपल्याकडे जुना आहे. कोकणात पावसाळ्यात पुस्तकांच्या किंवा कॅमेऱ्याच्या कपाटात दिवा लावून ठेवणारी घरे अनेकांनी पाहिली असतील. तत्त्व बरोबर आहे: त्याच हवेचे तापमान ३० अंश केले तर संपृक्त दाब ४.२५ होतो आणि आर्द्रता ८५ वरून ७१ टक्क्यांवर येते. पण मोजून पाहा. १.२ × ०.६ × २.१ मीटरच्या प्लायवूडच्या कपाटातून दर अंशाला साधारण २४ वॅट उष्णता बाहेर जाते. ४० वॅटच्या दिव्याने ते १.७ अंश तापते आणि आर्द्रता ७७ टक्क्यांच्या आसपास येते. आपल्या खोलीच्या सर्व बाजूंचे क्षेत्रफळ ३४ चौमी आहे, तिथून दर अंशाला सुमारे ८२ वॅट जातात. तोच दिवा इथे अर्धा अंशच तापवतो. ३ अंशांसाठी २५० वॅट लागतील, रात्रंदिवस. म्हणजे दिवसाला ६ युनिट वीज. वॉक-इन वॉर्डरोब हे मोठे कपाट नव्हे, ती खोली आहे आणि कपाटाची युक्ती खोलीला पुरत नाही.

मग उरते हवा कोरडी करणे. पहिला पर्याय म्हणजे वॉर्डरोब एसीच्या खोलीशी पूर्ण जोडणे. दाराला खाली-वर झडपा किंवा जाळी द्या, म्हणजे तीच कोरडी हवा आतही फिरेल. २५ अंश आणि ६० टक्क्यांच्या हवेचा बाष्पदाब फक्त १.९ किलोपास्कल असतो. भिंत २२ अंशांवर गेली तरी तिथे ७२ टक्केच होतात. दुसरा पर्याय म्हणजे वॉर्डरोब पूर्ण वेगळा ठेवून त्यात ओल शोषणारे छोटे यंत्र पावसाळ्याचे तीन महिने चालवणे. सर्वांत वाईट ती अर्धवट अवस्था: दाराखाली फट आहे, थंडी आत जाते, पण हवा फिरत नाही. दुर्दैवाने बहुतेक फ्लॅटमध्ये हीच असते.

पहिल्या पर्यायात एक खोच आहे. सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा थंड कपड्यांवर येते. एसी २१ अंशांवर असेल तर कपडे दवबिंदूच्या खाली असतात. म्हणून एसी २६ वर ठेवावा आणि खिडकी उघडण्याआधी झडपा बंद कराव्यात.

आता न्हाणीघर. 'बेडरूम, मध्ये वॉर्डरोब, पलीकडे बाथरूम' ही रचना मासिकांतून आली आणि लोकप्रिय झाली. आपल्या खोलीतली हवा २७ अंश, ६० टक्क्यांवर असेल तर ती संपृक्त व्हायला केवळ १४० ग्रॅम पाणी पुरते, एक छोटा पेला. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर उघडे दार तेवढी वाफ सहज देते. थोडा दिलासा असा की कपडे स्वतः पाणी शोषतात. ६५ टक्के आर्द्रतेला रेशीम आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी धरते. ३० किलो रेशमात ३ किलोहून जास्त पाणी असतेच. त्यामुळे एका अंघोळीने बिघडत नाही. रोजच्या अंघोळीने, आठवडेच्या आठवडे, हा साठा भरत जातो. तंजावरमध्ये तरी मी ही रचना नाकारायला सांगेन. नाकारता आली नाही तर न्हाणीघराला वेगळा एक्झॉस्ट पंखा आणि घट्ट दार हवेच.

वेखंड, वाळवी आणि फळ्या

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल तुम्ही ऐकले असेल. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ते वाढवले. तिथे ताडपत्रे, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते आहेत. कसर-किड्यांपासून पोथ्या जपण्यासाठी वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर यांची पूड छोट्या पुरचुंड्यांत बांधून ठेवण्याची पद्धत तिथे आहे. तुमच्या वॉर्डरोबमध्येही ती चालते, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागण्यापेक्षा बरी. मात्र वेखंड किडा दूर ठेवते, ओल कमी करत नाही. पुरचुंडीच्या भरवशावर झडपा वाचवू नका.

वाळवी हा डेल्टाच्या मातीत नेहमीचा प्रश्न आहे. पायाच्या वेळी आयएस ६३१३ प्रमाणे वाळवीरोधक प्रक्रिया करून घ्या आणि कपाट जमिनीपासून १० सेमी वर घ्या. प्लायवूड घेताना आयएस ३०३ आणि आयएस ७१० यांतला फरक विचारा. दुसरे पाण्याला टिकणारे, खालच्या फळ्यांना तेच.

फळीचा झोक शेवटी तपासू. ९० सेमी गाळ्याच्या, ४० सेमी खोलीच्या, १८ मिमी जाडीच्या फळीवर प्रत्येकी ८०० ग्रॅमच्या २४ साड्या ठेवल्या. फळीसकट भार सुमारे २३ किलो, म्हणजे दर मीटरला २५० न्यूटन. तुम्हाला माहीत असलेले सूत्र: पाच गुणिले भार गुणिले गाळ्याचा चौथा घात, भागिले ३८४ गुणिले स्थितिस्थापकता गुणांक गुणिले जडत्व आघूर्ण. प्लायवूडचा गुणांक ६ गिगापास्कल धरला तर झोक १.८ मिमी येतो. स्वस्त पार्टिकल बोर्डचा २ धरला तर ५.५ मिमी. आणि सतत भाराखाली, दमट हवेत हा झोक वाढतच जातो. क्रीपमुळे तो दुप्पट झाला तर ११ मिमी. फळी मध्ये झोकलेली डोळ्यांनी दिसेल. पार्टिकल बोर्डच वापरायचा असेल तर गाळा ६० सेमी करा. चौथ्या घातामुळे झोक पाचपट कमी होतो.

स्वाध्याय: तुमच्या गावातील सर्वांत दमट महिन्याचे सरासरी तापमान आणि आर्द्रता मिळवा. वरील २.१ × २.४ मीटरच्या खोलीसाठी दवबिंदू काढा. शेजारची खोली २४ अंशांवर असताना साडेचार इंची भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान आणि तिथली सापेक्ष आर्द्रता, चळत टेकवून आणि ५ सेमी सोडून, अशी दोनदा काढा. नागपूर आणि रत्नागिरी या दोन ठिकाणांची उत्तरे शेजारी ठेवून पाहा आणि मे महिन्यातही हेच गणित करा.