शंभर दिवसांची चढाई

पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीचा निकाल लावणारी ‘शंभर दिवसांची चढाई’ ८ ऑगस्ट १९१८ रोजी फ्रान्समधील आमियाँ शहराच्या पूर्वेस सुरू झाली. या युद्धात पूर्वी बहुधा हल्ल्याआधी कित्येक दिवस तोफमारा करण्याची प्रथा होती आणि तिच्यामुळे शत्रूला आयतीच पूर्वसूचना मिळे; आमियाँ येथे मात्र शत्रूच्या तोफांची ठिकाणे त्यांच्या आवाजावरून आधीच हेरून ठेवली गेली आणि पायदळ व पाचशेहून अधिक रणगाडे पुढे सरकताच तोफा धडाडल्या. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ यांनी या दिवसाला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटले, ते गमावलेल्या भूमीपेक्षा हजारो सैनिकांच्या शरणागतीमुळे. जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती फॉश यांनी एकाच ठिकाणी खोलवर घुसण्याचा मोह टाळून आघाडीवर ठिकठिकाणी लागोपाठ प्रहार केले, त्यामुळे जर्मनांची राखीव दले धावपळीतच थकली. मोहिमेचे खरे मर्म येथे आहे. २९ सप्टेंबरला जर्मनांची हिंडेनबर्ग रेषा, म्हणजे काँक्रीटची ठाणी व काटेरी तारा यांची तटबंदी, फुटली. ११ नोव्हेंबरच्या पहाटे युद्धविरामावर सह्या झाल्या, तरी सकाळी अकरापर्यंत लढाई चालूच राहिली आणि त्या तासांतही सैनिक मारले गेले, हे अक्षम्यच म्हटले पाहिजे.