ऋतुसंधींतील पोशाख

भिवंडीजवळील शेलार गांवीं आश्विन लागला कीं पहाटे दंव, दुपारीं प्रखर ऊन आणि सायंकाळीं क्वचित् अवचित सर, असे हवेचे तीन प्रकार एकाच दिवसांत अनुभवास येतात. ठाण्याच्या बाजूनें मोसमी वारे साधारणतः ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परततात. आकाश निवळतें, पण भूमि ओलीच असते. त्यामुळें ऊन कडक आणि हवा दमट. अशा हवेंत घाम लवकर सुकत नाहीं. घाम सुकतांना अंगांतील उष्णता नेतो. तो न सुकल्यास जीव कासावीस होतो.

म्हणून एका जाड वस्त्रापेक्षां दोन पातळ, सैल सुती वस्त्रें बरीं. दोहोंमधील हवेचा थर पहाटेचा गारवा अडवितो, आणि ऊन चढतांच वरचें वस्त्र काढतां येतें. भिवंडीच्या यंत्रमागांवर कृत्रिम धाग्याचेंही कापड विणलें जातें. तें लवकर वाळतें, परंतु सुताइतका घाम शोषीत नाहीं. उलट सूत घाम शोषतें, पण भिजल्यावर सावकाश वाळतें. यास्तव भिजलेला सदरा अंगावर वाळूं देऊं नये.

सरत्या ऋतूचा अखेरचा व येत्या ऋतूचा पहिला सप्ताह यांस वाग्भटानें 'अष्टांगहृदयां'त ऋतुसंधि म्हटलें असून, या काळांत जुना आचार क्रमाक्रमानें सोडावा व नवा तसाच स्वीकारावा, असें सांगितलें आहे. पोशाखासही हाच नियम लावावा. पाऊस थांबतांच छत्री माळ्यावर टाकूं नये, आणि मुलांच्या दप्तरांत एक कोरडा सदरा दिवाळीपर्यंत असूं द्यावा.