गृहकार्यशाळेतील प्रकाशयोजना

व्यापारी मनुष्य दुकानाच्या दर्शनी भागावर दिव्यांची आरास करण्यास कधी कचरत नाही. परंतु त्याच्याच घरी मोटारीच्या खोलीत जाऊन पाहावे, तर छताच्या मधोमध लोंबणारा एकच दिवा आढळतो. सिल्वासा येथे ही खोली केवळ मोटारीपुरती क्वचितच राहते. १९५४ साली हा प्रदेश पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला, १९६१ साली भारतात विधिवत समाविष्ट झाला आणि पुढील दशकांत मसाट, पिपरिया, आमली या भागांत कारखाने उभे राहिले. त्यामुळे यंत्रांशी आपल्या कुटुंबांचा परिचय वाढला. आज अनेक घरांच्या गॅरेजात वाइस बसविलेले टेबल, ड्रिल आणि ग्राइंडर दिसतात. वडील कारखान्याचा नमुना तपासतात, मुलगा पाण्याचा पंप उघडतो आणि नातू सायकल दुरुस्त करतो. तेथे प्रकाश अपुरा असेल, तर डोळ्यांचे व बोटांचे, दोहोंचे मोल द्यावे लागते. सबब या विषयाचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

दिवे किती असावेत?

दिव्यातून निघणारा प्रकाश लूमेनमध्ये मोजतात आणि एका चौरस मीटरवर पडणाऱ्या एका लूमेनला एक लक्स म्हणतात. खोलीत सर्वसाधारणपणे ३०० लक्स, कामाच्या टेबलावर ५०० आणि बारीक कामास ७५० लक्स प्रकाश असावा, हे प्रमाण व्यवहारात समाधानकारक ठरते. साठीतल्या मनुष्याच्या डोळ्यांत, विशीतल्या तरुणाच्या मानाने, सुमारे एकतृतीयांशच प्रकाश आत पोचतो. म्हणून नातवाला पुरेसा वाटणारा दिवा आजोबांस पुरत नाही. यात आजोबांचा हट्ट नसतो.

६ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोली घेऊ. क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. त्यास ३०० ने गुणिले असता ५,४०० लूमेन होतात. परंतु सर्व प्रकाश टेबलाच्या पातळीवर पोचत नाही. भिंती व छत काही गिळतात, शिवाय धूळ व दिव्याचे वय यांचीही घट असते. पहिल्या कारणासाठी ०.६ व दुसऱ्यासाठी ०.८ धरल्यास गुणाकार ०.४८ येतो. ५,४०० ला ०.४८ ने भागता ११,२५० लूमेन लागतात. २० वॅटची चार फुटी एलईडी नळी सुमारे २,००० लूमेन देते, म्हणजे सहा नळ्या हव्यात. त्यांचा एकूण खर्च १२० वॅट, म्हणजे दोन तासांस पाव युनिटाहूनही कमी. भिंती व छत पांढरे ठेवल्यास हाच प्रकाश अधिक उपयोगी पडतो. चुन्याचा एक हात हा सर्वांत स्वस्त दिवा होय.

दिवे कोठे असावेत?

संख्येहून स्थान महत्त्वाचे. मधोमध एकच दिवा ठेवण्याची चूक आम्हीही केली होती. भिंतीकडे तोंड करून टेबलाशी उभे राहिलो की दिवा पाठीमागे येई आणि आमचीच सावली नेमकी कामावर पडे. म्हणून सहा नळ्या तीन-तीनच्या दोन ओळींत, खोलीच्या लांबीस समांतर लावाव्यात. टेबलाच्या बाजूची ओळ टेबलाच्या पुढील कडेच्या बरोबर वर, भिंतीपासून सुमारे ६० सेंटिमीटरवर असावी. दुसरी ओळ समोरच्या भिंतीपासून ७५ सेंटिमीटरवर चालेल. मोटार मध्ये उभी असली तरी दोन्ही बाजूंनी प्रकाश मिळतो. शटर गुंडाळल्यावर त्याच्या आड नळी येणार नाही, हेही आधीच पाहावे. दोन ओळींस दोन स्वतंत्र बटणे ठेवावीत. बारीक कामास हलविता येणारा एक दिवा टेबलावर असावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा.

दिसते ते सर्व खरे नसते

आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणून हलक्या प्रतीचा दिवा सेकंदास १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यास ते कळत नाही. परंतु तीन जबड्यांचा चक मिनिटास २,००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सेकंदास बरोबर १०० वेळा जबडा त्याच जागी येतो आणि फिरते यंत्र थांबल्यासारखे दिसते! त्यास हात लावला तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून जुन्या कारखान्यांत शेजारच्या नळ्या विजेच्या निरनिराळ्या फेजवर जोडीत. आज लुकलुक नसलेल्या, चांगल्या ड्रायव्हरच्या नळ्या मिळतात, त्याच घ्याव्यात. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून पाहता काळे पट्टे सरकताना दिसले, तर ती नळी यंत्राजवळ लावू नये.

यंत्रांचा विद्युत्प्रवाह व दिव्यांचा प्रवाह वेगळे असावेत. एरवी ग्राइंडरमुळे एमसीबी पडला की दिवेही जातात आणि चाक मात्र अंधारात फिरत राहते. पावसाळ्यात येथील भिंतींना ओल येते, म्हणून अर्थिंग तपासावे, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि दिव्यांची बंदिस्त फिटिंगे घ्यावीत.

चातुर्मासाचा विचार

आषाढापासून कार्तिकापर्यंत दिव्याभोवती पतंगांचे थवे जमतात. हे चतुरिंद्रिय जीव होत, आणि त्यांची हानी टाळणे हा आपला आचार आहे. कीटक अतिनील व निळ्या प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, तरी निळा अंश असतो. म्हणून शटरबाहेरचा दिवा २,७०० केल्विनचा पिवळसर, खाली तोंड केलेला असावा. आत तारांचे रंग नीट ओळखता यावेत म्हणून ४,००० केल्विनचा, रंगदर्शनाचा अंक ८० वा अधिक असलेला प्रकाश ठेवावा, मात्र खिडकीस बारीक जाळी लावावी. छतात एक-दोन पारदर्शक पत्रे बसविल्यास बहुतेक काम दिवसाच उरकते. ज्येष्ठात येथे सुमारे सव्वासातपर्यंत सूर्य असतो, मार्गशीर्षात तो सहाच्या सुमारास मावळतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण सांगितले आहे. विनाकारण जळणारा दिवा हा त्याचाच भंग, आणि अपुऱ्या उजेडात बोट गमावणे हाही प्रमादच. हवा तेथे, हवा तितका आणि हवा तेव्हाच प्रकाश, हाच यत्नाचार होय. दीपावलीत नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी सभासद बंधुभगिनींनी एकदा आपल्या गॅरेजात टेबलाशी उभे राहावे आणि आपली सावली कोठे पडते ते पाहावे. इत्यलम्.