काजळीची शाई

चंद्रपूरकरांना काजळी नवी नाही. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवलं की ते काळं होतं. म्हणूनच इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत मला घुमटाहून मुख्य दाराची गोष्ट जास्त भावली.

ऑटोमन सुलतान सुलेमानने ही मशीद १५५० ते १५५७ या काळात सिनान या वास्तुविशारदाकडून बांधून घेतली. घुमट सुमारे ५३ मीटर उंच. त्याखाली रात्री तेलाचे असंख्य दिवे जळत. सिनानने आतली हवा अशी खेळवली, की धूर मुख्य दारावरच्या एका खोलीकडे ओढला जाई. तिथली काजळी खरवडून डिंकाच्या पाण्यात खलली, की लिहिण्याची शाई तयार! डिंकाची ताकद गडचिरोलीच्या जंगलात तो गोळा करणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. दिवे लावण्याआधीच धुराची सोय लावणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे राखेच्या विटा होतात, सिमेंट होतं; खिडकीवरची काजळी मात्र फडक्यालाच.

मशिदीच्या आवारात मदरसे, दवाखाना आणि गरिबांना जेवू घालणारा मुदपाकखानाही होता. आज नमाजाची वेळ सोडून कुठल्याही धर्माचा पाहुणा आत जाऊ शकतो. चपला काढायच्या, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यायची, एवढंच.

रमजानमध्ये इस्तंबूलच्या मोठ्या मशिदींच्या दोन मिनारांमध्ये दोर ताणून दिव्यांची अक्षरं टांगतात. त्यांना ‘माह्या’ म्हणतात. पूर्वी ते दिवे तेलाचे असत, आता विजेचे.